जेपींची डायलिसिसवरची चार वर्षे

बिहारमधील सिताबदियारा गावी ११ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेले जयप्रकाश नारायण अमेरिकेत शिकले. १९४२ च्या लढ्यात ते हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले आणि १९७४ मध्ये पाटण्यातून त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. २६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना अटक झाली. चंडीगडला स्थानबद्ध असताना प्रकृती ढासळली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार सुरू झाले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. तेव्हापासून अखेरपर्यंत डायलिसिस सुटले नाही.

डायलिसिसचे यंत्र रक्त गाळते. पण रक्त भरपूर वेगाने बाहेर काढून पुन्हा शरीरात सोडायला वाट लागते. पूर्वी दरवेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि काही दिवसांत जागाच संपत. १९६० मध्ये सिॲटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळीचा शंट केला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केल्याचे प्रसिद्ध केले. या शोधांमुळेच वर्षानुवर्षे डायलिसिस शक्य झाले. याच आधारावर जेपींनी १९७७ ची निवडणूक आणि जनता पक्षाची उभारणी पाहिली. त्याच वर्षी ते उपचारांसाठी सिॲटललाही जाऊन आले. लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी यंत्र घेतले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.

तेव्हा दुर्मीळ असलेला हा उपचार आज जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे आजार हा काळजीचा विषय आहे. म्हणून फिस्टुला जपणे प्रत्येक कुटुंबाला माहीत हवे.

फिस्टुला तयार व्हायला साधारण सहा आठवडे ते काही महिने लागतात. म्हणून मूत्रपिंड विकार बळावत असेल, तर शस्त्रक्रियेची चर्चा आधीच करावी आणि कमी वापराच्या हाताच्या शिरा राखाव्यात. त्या हाताला सलाईन लावू देऊ नये. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजणे, सुई टोचणे, घट्ट बांगड्या वा घड्याळ, जड ओझे आणि त्यावर डोके ठेवून झोपणे टाळावे. रोज सकाळ-संध्याकाळ बोटांनी थरथर तपासावी. ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर गुठळी काढणे अवघड होते. डायलिसिसआधी हात साबणाने धुवावा. सुईची जागा लाल, सुजलेली किंवा पू असलेली दिसली, तर लगेच सांगावे. रक्त येत राहिले, तर घट्ट दाबून धरून तत्काळ मदत मागावी. मानेत कॅथेटर असेल आणि थंडी वाजून ताप आला, तर वाट पाहू नये.

जेपींच्या अखेरच्या चार वर्षांमागे यंत्राइतकीच ही रक्ताची वाट होती. ती जपण्याचे अर्धे काम रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती असते.