प्रकाश उकलणारा पुणेकर

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या लोकांना आता आकाशाचे अप्रूप राहिलेले नाही. खोडदच्या तबकड्या नारायणगावची पोरे टोमॅटोच्या मळ्यातून पाहतात. आंबेगावात गिरवलीच्या डोंगरावर ‘आयुका’ची २ मीटरची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. मार्च २०१२ मध्ये सिंह राशीतल्या एका दीर्घिकेत तारा फुटला, तेव्हा त्याचे वर्णपट घेणाऱ्या दुर्बिणींत हीही होती. वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा सापडल्या, म्हणजे तो दुसऱ्या प्रकारचा अतिनवतारा, एका जड ताऱ्याचा अंत. हायड्रोजन नसता आणि सिलिकॉन ठळक असते, तर तो श्वेतबटूचा स्फोट ठरला असता. घाई यासाठी, की ताऱ्याची बाहेरची साल पहिल्या काही दिवसांतच वाचून घ्यावी लागते.

प्रकाश उकलण्याची ही विद्या पुण्यात रुजवली ती कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने. शाळेत त्यांचे नाव ऐकल्याचे मला आठवत नाही. जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकवत असताना, १८८२ साली, भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले. सरकारने तितकीच भर घातली. १८८४ मध्ये कावसजी विलायतेला जाऊन उपकरणांची निवड करून आले. पुढे त्यांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली आणि वेधशाळाही त्यांच्यामागोमाग इकडे आली. १८८८ साली ती उभी राहिली. तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती.

त्या काळी लॉकियर हे विलायतेतले मोठे प्रस्थ. ‘नेचर’चे संपादक, हेलियमच्या शोधातले मानकरी. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, असे ते सांगत, आणि तेजोमेघाच्या मुख्य हिरव्या रेषेला मॅग्नेशियमचा पट्टा ठरवत. पट्टा असेल तर त्याची एक कड अस्पष्ट, विरत जाणारी हवी. कावसजींनी मृगातल्या तेजोमेघावर दुर्बीण रोखली, उपकरणाची मांडणी बदलून बदलून पाहिली; रेषा दोन्ही बाजूंनी धारदारच राहिली. १८९१ मध्ये त्यांनी ते छापून टाकले. पुण्यातल्या मास्तराने लंडनच्या पंडिताविरुद्ध साक्ष द्यायची, याला छाती लागते! ती रेषा ऑक्सिजनची, हे बोवेनने १९२७ साली दाखवले, तेव्हा कावसजी सत्तरीचे होते.

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच उतरली होती. जेमतेम दोन मिनिटांची खग्रास अवस्था. अहवाल मात्र १९०२ साली छापून निघाला.

खंत वाटते ती पुढची. सारी वेधशाळा एका माणसावर उभी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि तिला कुलूप लागले. उपकरणे कोडाईकनालला गेली, मोठी दुर्बीणही. कावसजी १९३८ पर्यंत जगले.