पक्ष, साध्य, सिद्धता आणि बोएथियस

एम-थ्रीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी मेसला गेलोच नाही. दुसऱ्यांदा केटी! घरी फोन करायचा धीर होईना, रूमवर बसवेना, म्हणून लायब्ररीत जाऊन बसलो. तर्कशास्त्राच्या इतिहासावरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं आणि त्यात हा माणूस भेटला.

बोएथियसचा जन्म इ.स. ४८० च्या सुमारास रोममध्ये झाला. घराणं मोठं, पण वडील लहानपणीच गेले. सिम्मॅकस नावाच्या विद्वान उमरावाने त्याला वाढवलं आणि पुढे आपली मुलगीही दिली. इटलीवर तेव्हा गॉथ राजा थिओडोरिकचं राज्य होतं. रोममध्ये ग्रीक जाणणारे कमी होत चालले होते. ग्रीक गेलं तर गणित आणि तर्कशास्त्रही जाणार, हे बोएथियसने ओळखलं. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांचं सगळं लिखाण लॅटिनमध्ये आणायचं, असं त्याने ठरवलं. सगळं! आपल्याला इथे चार असाइनमेंट उतरवताना घाम फुटतो.

तो कामाला लागला. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राची भाषांतरं केली, त्यावर टीका लिहिल्या. निकोमॅकसच्या आधाराने अंकगणितावर ग्रंथ लिहिला, संगीतावरही लिहिला. युक्लिडची भूमितीसुद्धा लॅटिनमध्ये आणली. तिचे आज फक्त तुकडे उरलेत. अंकगणित, संगीत, भूमिती आणि खगोल म्हणजे त्याच्या लेखी ज्ञानाकडे नेणाऱ्या चार वाटांचा चौक.

मला खरी गंमत वाटली ती त्याच्या ख्रिस्ती धर्मावरच्या छोट्या निबंधांची. शाळेत भूमितीला आपण पक्ष, साध्य, सिद्धता लिहायचो ना, तसाच त्यातला एक निबंध आहे. प्रश्न असा: देव मूळचाच चांगला, पण बाकीच्या वस्तू नुसत्या आहेत म्हणून चांगल्या कशा? इथे तो धर्मग्रंथाचा दाखला देऊन मोकळा होत नाही. गणितात करतात तशी आधी गृहीतकं मांडतो. सर्वांना पटणाऱ्या विधानाचं त्याचं उदाहरणही आपल्या ओळखीचं आहे: समान राशींतून समान राशी वजा केल्या तर बाकी समान. मग पायरीपायरीने उत्तराला येतो, की वस्तूंचं असणंच त्या मूळ चांगल्यापासून आलेलं आहे, म्हणून त्या चांगल्या.

इ.स. ५१० मध्ये तो कॉन्सल झाला. ५२२ मध्ये त्याची दोन्ही मुलं एकदमच कॉन्सल झाली आणि तो स्वतः दरबारात वरिष्ठ अधिकारी. आणि मग सगळं फिरलं. अल्बिनस नावाच्या सिनेटरवर राजद्रोहाचा आरोप आला. बोएथियस त्याच्या बाजूने बोलला, तर आरोप त्याच्यावरच उलटला. पद गेलं, पाविया इथे कैद झाली आणि ५२४ च्या सुमारास देहदंड. वय जेमतेम पंचेचाळीस.

पण कैदेत त्याने आपला सर्वांत गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यात तत्त्वज्ञान बाईच्या रूपात त्याला भेटायला येतं. दैवाचं चाक फिरतंच, वर गेलेला खाली येतोच, हे ती त्याला समजावते. खरं सुख कशात, हे सिद्ध झाल्यावर भूमितीवाल्यांसारखं एक उपप्रमेयही काढून देते. समोर मरण उभं, तरी ह्याने पायऱ्या गाळल्या नाहीत!

त्याचा बेत अपुराच राहिला. प्लेटोचं एकही भाषांतर त्याच्याकडून आपल्यापर्यंत आलेलं नाही. पण जेवढं झालं, तेवढ्यावर पश्चिम युरोप बाराव्या शतकापर्यंत तर्कशास्त्र शिकला. सहाशे वर्षं!

मित्रांनो, त्या रात्री मी घरी फोन केला. मग वही काढून पहिल्या पानावर लिहिलं: पक्ष - दोनदा केटी लागली आहे. साध्य - विषय सोडवणे.

सिद्धता पुढच्या परीक्षेत पूर्ण झाली, ४३ मार्कांनी.