आधी तुमचे किती?

गेल्या महिन्यात एक सल्लागार घरी आले होते. ह्यांच्या निवृत्तीचे पैसे एका योजनेत घाला म्हणून पाठीसच लागले. नफा झाला की त्यातला वाटा त्यांचा. आणि तोटा झाला तर? तो मात्र सगळा आमचा! त्या रात्री मला काही झोप लागेना. आठवण झाली ती आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांची.

जोन्स १९०० साली मेलबर्नला जन्मले, वाढले अमेरिकेत. बर्लिनच्या वकिलातीत नोकरी केली, १९४१ मध्ये समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, मग 'फॉर्च्यून' मासिकात पत्रकारी. शेअर बाजारावर लेख लिहिता लिहिता १९४९ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, स्वतःच बाजारात उतरले. मित्रांसह १ लाख डॉलर जमवले. त्यातले ४० हजार त्यांचे स्वतःचे.

त्यांची युक्ती साधी होती. चांगले शेअर घ्यायचे आणि त्याच वेळी कच्चे वाटणारे शेअर उसने आणून विकायचे. बाजार पडला तर हे उसने शेअर स्वस्तात घेऊन परत करायचे, म्हणजे एका बाजूचा तोटा दुसरीकडे थोडा भरून निघतो. हेज म्हणजे कुंपण, म्हणून हा हेज फंड. मोबदला नफ्याच्या २० टक्के. नफा नाही तर तो वाटाही नाही.

१९६६ मध्ये कॅरल लूमिस या पत्रकार बाईंनी 'फॉर्च्यून'मध्ये त्यांच्यावर लिहिलं. दहा वर्षांत ६७० टक्के वाढ! मग काय, नक्कल करणाऱ्यांची रांगच लागली. पण चढत्या बाजारात कुंपणाचा खर्च जड वाटतो. कित्येकांनी ते काढून टाकलं, वर कर्ज काढून शेअर घेतले. जिंकलं तर वाटा आहेच, हरलं तर पैसे लोकांचे, मग हात सैल सुटणारच ना! १९६९-७० च्या पडझडीत अनेक फंड बुडाले. जोन्स यांच्या फंडालाही मोठा फटका बसला; त्यांच्या माणसांनाही तेजीचा मोह आवरला नव्हता. पण त्या तोट्यात जोन्स यांचे स्वतःचेही पैसे होते. १९८९ मध्ये ते गेले.

सल्लागार परत आले तेव्हा मी चहा पुढे करत एवढंच विचारलं, यात तुमचे स्वतःचे किती आहेत हो? त्यांना एकदम दुसरं काम आठवलं. चहा तसाच राहिला. आणि आमचे पैसेही!