आल्फ्रेड वेगेनर

लोह्याच्या माळावरील काळा पाषाण आम्ही नित्य तुडवितों. परंतु ज्या भूमीवर तो पसरला, ती मूळची कोठली, हें क्वचितच मनांत येतें. हाच विचार जन्मभर करणारा आल्फ्रेड वेगेनर १८८० सालीं बर्लिन येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मला. त्याचें शिक्षण ज्योतिषशास्त्राचें, व्यवसाय हवामानशास्त्राचा. साहजिकच भूगर्भवेत्त्यांस तो परका वाटे. सर्व खंडें पूर्वीं एकत्र होतीं व पुढें फुटून दूर सरकलीं, असें त्यानें १९१२ सालीं मांडलें. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे जुळते किनारे आणि भारतासह दक्षिणेकडील भूभागांत सांपडणारे एकाच जातीच्या वनस्पतींचे अवशेष, हे त्याचे पुरावे. खंडें कोणत्या शक्तीनें सरकतात, हें मात्र त्यास नीट सांगतां आलें नाहीं. त्यामुळें पुष्कळ विद्वानांनीं त्याचा उपहास केला. तरीहि नवे पुरावे मिळवून तो आपला ग्रंथ सुधारीत राहिला. १९३० सालीं ग्रीनलंडच्या हिमांत, दूरच्या ठाण्यावरील सहकाऱ्यांच्या मदतीस जाऊन परततांना त्याचा अंत झाला. पुढें १९६० नंतर सागरतळाच्या संशोधनानें खंडें सरकतात हें सिद्ध झालें.

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्या शेजारच्या किल्लारीस खोल विवर घेतलें, तेव्हां सुमारें ३३८ मीटर काळ्या पाषाणाखालीं अतिप्राचीन खडक लागला. तोहि एके काळीं गोंडवन महाखंडाचाच भाग होता. वेगेनरास आपलें यश पाहावयास मिळालें नाहीं. त्याचें फळ आमच्या पायांखालीं आहे.