पटाचारा : वेडी म्हणून हाकललेली, संघाने सावरलेली

विहारात महाप्रजापती गौतमी, विशाखा, आम्रपाली यांची नावे आपण नेहमी ऐकतो. पटाचारेचे नाव त्यामानाने कमी निघते. म्हणून या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आम्ही तिचे जीवन मांडत आहोत. त्यामागे आमचे एक कारणही आहे, ते पुढे येईलच.

भगवान बुद्धांच्या काळी श्रावस्ती ही कोसल देशाची राजधानी होती. उत्तर प्रदेशात सहेत-महेत येथे तिचे अवशेष आज पाहायला मिळतात. या नगरीत एका धनाढ्य श्रेष्ठीच्या घरी पटाचारा जन्मली. मुलगी वयात आली तशी आईबापांनी तिला माडीवर पहाऱ्यात ठेवले. पण तिचा जीव जडला तो घरातल्याच एका नोकरावर. तोलामोलाच्या घरी लग्न ठरल्याचे कळताच ती दासीचा वेश करून त्याच्याबरोबर निघून गेली. दूरच्या खेड्यात दोघांनी संसार थाटला. श्रेष्ठीची लेक पाणी भरू लागली, कांडण करू लागली.

पहिल्या वेळी दिवस भरत आले तशी तिला माहेरची ओढ लागली. नवरा आज-उद्या करीत राहिला, म्हणून ती एकटीच निघाली. वाटेतच मुलगा झाला आणि दोघे परत फिरले. दुसऱ्या खेपेलाही तसेच झाले, पण त्या रात्री आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेला नवरा वारुळातल्या सापाच्या दंशाने जागीच गेला. इकडे ती बाळंत झाली. दोन्ही लेकरांना पोटाखाली घेऊन तिने रात्र काढली आणि सकाळी नवऱ्याचे प्रेत पाहिले.

पुढे अचिरवती नदी, म्हणजे आजची राप्ती, दुथडी भरून वाहत होती. दोघांना एकदम नेण्याचे त्राण तिच्यात नव्हते. थोरल्याला अलीकडे ठेवून तिने तान्ह्याला पलीकडे पाल्यावर निजवले आणि ती परत फिरली. मध्यावर आली तोच ससाण्याने तान्ह्यावर झडप घातली. ती हात वर करून ओरडू लागली. आई आपल्याला बोलावते आहे असे थोरल्याला वाटले, तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला. बिचारीने आता जावे तरी कुठे? निदान आईबाप तरी आहेत, म्हणून ती श्रावस्तीकडे चालू लागली. वाटेत भेटलेल्या माणसाने सांगितले की, रात्रीच्या वादळात ते घर पडले, आईबाप आणि भाऊ गेले, आणि तो दिसतो आहे तो धूर त्यांच्याच चितेचा आहे.

तिथे तिचे भान सुटले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला कळले नाही. ती रडत, बडबडत हिंडू लागली. लोकांनी काय केले? वेडी, वेडी म्हणून तिच्यावर माती-कचरा फेकला. वस्त्रावाचून फिरणारी म्हणून तिला पटाचारा म्हणू लागले, अशी या नावाची एक उकल सांगतात.

हिंडत हिंडत ती जेतवनात आली. भगवंतांची देशना चालू होती. वेडीला आत येऊ देऊ नका, असा गलका झाला. तथागतांनी मात्र तिला अडवू नका म्हणून सांगितले. त्यांनी तिला बहिणीसारखी हाक मारली आणि भानावर येण्यास सांगितले. तिला आपल्या नग्नतेची जाणीव झाली आणि ती अंग चोरून खाली बसली. सभेतल्या एका माणसाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. मग तिने सारी कहाणी सांगितली आणि भगवंतांनी ती ऐकून घेतली.

येथला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी वाट मोकळी झाली. मग आपुलकीची हाक, मग अंगभर वस्त्र, मग ऐकून घेणे. उपदेश आला तो सगळ्यांत शेवटी. भगवंतांनी गेलेली माणसे परत आणून दिली नाहीत. मरण कोणाला चुकत नाही, हे सत्यच त्यांनी तिला समजावले. पण ते ऐकण्याइतके बळ तिला आधी दिले.

पुढे तिने प्रव्रज्या घेतली. एका दिवसात सगळे बदलले असे नाही. भिक्षुणीसंघात राहून, रोजचे नियम पाळून ती सावरत गेली. एकदा पाय धुताना तिने पाहिले की, ओतलेले पाणी कधी जवळच जिरते, कधी थोडे पुढे, कधी आणखी दूर जाऊन जिरते. माणसेही अशीच, कोणी बालपणी, कोणी तरुणपणी, कोणी म्हातारपणी जातात, हे तिच्या मनात उतरले. त्यानंतर कोठडीत दिव्याची वात खाली ओढताना तिचे चित्त मुक्त झाले, असे थेरीगाथेत आले आहे.

विनय जाणणाऱ्या भिक्षुणींमध्ये भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले. ज्या विनयात ती पारंगत झाली, त्यात वेडाच्या भरात घडलेल्या कृत्याचा दोष भिक्षू-भिक्षुणींना लावलेला नाही. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची ही समज आहे! मुले गमावलेल्या कितीतरी स्त्रियांना तिने धीर दिला. निराधार विधवा चंदा अन्नासाठी भटकत आली, तिला जेवू घालून पटाचारेने संघात घेतले. आधार मिळालेलीच पुढे आधार झाली.

आता आमचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी वैशाख पौर्णिमेला वंदना चालू असताना वस्तीतली एक मुलगी दारात आली. केस विस्कटलेले, स्वतःशीच बोलत होती. पोरं हसली. वंदनेत अडथळा नको म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनीच तिला बाहेर पायरीवर बसवले. ती उठून गेली. घरच्यांनी बाहेरचं झालंय म्हणून अंगारे-धुपारे केले, त्यात दोन वर्षं गेली. शेवटी तिच्या मावशीने तिला सरकारी दवाखान्यात नेले. आज ती नियमाने गोळ्या घेते, शिवणकाम करते. मधूनच त्रास उफाळतो, पुन्हा सावरते. जेतवनातल्या सभेने जे केले तेच आम्ही केले, आणि आमच्यात उपरणे टाकणारा एकही निघाला नाही. याची आम्हाला लाज वाटते.

मनाचा आजार हा मधुमेहासारखाच आजार आहे. तो मागच्या जन्मीचे पाप नाही की करणी नाही. वंदना आणि ध्यान मनाला बळ देतात, पण ती औषधाची जागा घेत नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नयेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतूनही.

या वर्धापनदिनी आम्ही एवढेच ठरवले आहे. दारात कोणीही आले तरी आधी पाणी आणि बसायला चटई द्यायची. आमच्यापैकी एकाने शेजारी बसायचे. दवाखान्याच्या तारखेला घरच्यांबरोबर एकाने जायचे. त्या मुलीच्या घरी जाऊन आम्ही माफी मागून आलो आहोत. पौर्णिमेला ती आली तर तिची जागा पायरीवर नाही, आत आहे.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जयभीम!