न बोलता गाठी बांधणारी ज्युडिथ

मैत्रिणींनो, शिंप्याकडच्या चिंध्या, फाटक्या साड्यांचे काठ, उसवलेल्या स्वेटरची लोकर... असं एक गाठोडं आपल्या प्रत्येकीच्या घरी कुठेतरी असतंच. बोहारणीला द्यायला जीव होत नाही आणि वापरायला सवड मिळत नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यात उन्हाळ्यात अशा गाठोड्यांतून वाकळी निघतात. पोहरादेवीकडच्या बंजारा बायका तर कापडाच्या तुकड्यावर कवड्या, आरसे, जुनी नाणी लावून असं काही करतात की बघतच राहावं. म्हणूनच की काय, ज्युडिथ स्कॉट या अमेरिकन बाईच्या कलाकृतींचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा मला त्या परक्या वाटल्या नाहीत. रंगीबेरंगी दोऱ्यांनी करकचून बांधलेली गाठोडीच ती! फक्त आत काय आहे ते दिसत नाही.

ही ज्युडिथ कोण? तिची गोष्ट ऐकाच.

१ मे १९४३ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जुळ्या मुली जन्मल्या, जॉइस आणि ज्युडिथ. जॉइस अगदी चारचौघींसारखी. ज्युडिथला मात्र डाऊन सिंड्रोम होता. त्यात तान्हेपणी स्कार्लेट फीवर झाला आणि तिची श्रवणशक्ती गेली. पण हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही! पोरगी बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, ते सगळं तिच्या मंदपणाच्या खात्यावर जमा झालं. दोघी बहिणींचं मात्र त्यावाचून काही अडत नव्हतं. दोघी एकत्र खेळायच्या, एकाच बिछान्यात झोपायच्या.

पुढे शाळेचा प्रश्न आला. ज्युडिथला कोणतीच शाळा घेईना. डॉक्टरांनी सल्ला दिला की तिला संस्थेत ठेवा. ऑक्टोबर १९५० मधली ती सकाळ. सात वर्षांची जॉइस जागी झाली तर शेजारची जागा रिकामी. बहिणीला घरातून नेलं होतं.

संस्थेत ज्युडिथची बुद्धी तपासली. चाचणी तोंडी होती. आता ज्या मुलीला ऐकूच येत नाही ती तोंडी प्रश्नांची काय उत्तरं देणार? बुद्ध्यांक ३० निघाला, आणि हिला शिकवून उपयोग नाही असं ठरलं. एकदा तिने चित्रासाठी रंगीत खडू हातात घेतले तर तेही काढून घेतले म्हणतात. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त चटका लावून जातो तो हा कागदावरचा ३० चा आकडा. ती बहिरी आहे हे कळायला पुढे कितीतरी वर्षं जावी लागली. (इथे थोडं विषयांतर करून सांगते. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांमध्ये कानाचे दोष बऱ्यापैकी आढळतात. तुमच्या नात्यात, शेजारी असं बाळ असेल तर त्याच्या आईला कानाची तपासणी करून घ्यायला जरूर सांगा. तपासणी आता अगदी तान्हेपणीही होते.)

पस्तीस वर्षं! सात वर्षांची मुलगी बेचाळिशी ओलांडेपर्यंत संस्थेच्या भिंतींआडच राहिली. जॉइसच्या अधूनमधून भेटी व्हायच्या. जॉइस शिकली, नर्स झाली, कॅलिफोर्नियात स्थायिक झाली, संसारात पडली. आणि एका ध्यान शिबिरात तिला एकदम लख्ख जाणवलं की आपली जुळी बहीण दुसरीकडे आणि आपण इथे, हे बरोबर नाही. मग कायद्याचे सोपस्कार. पालकत्व मिळवायला बरीच खटपट करावी लागली. अखेर १९८६ मध्ये ज्युडिथ बहिणीच्या घरी आली.

आणलं तर खरं, पण दिवसभर करायचं काय? हा प्रश्न आपल्याकडच्या आयांनाही काही नवा नाही. ओकलंड शहरात क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचं केंद्र आहे. १९७४ मध्ये एका दांपत्याने अपंग कलाकारांसाठी ते सुरू केलं. १९८७ मध्ये ज्युडिथ तिथे जाऊ लागली. पहिली जवळपास दोन वर्षं काहीच घडलं नाही हो! कागदावर गोल गोल रेघोट्या, त्याही मन नसल्यासारख्या. केंद्रातल्या लोकांचं मला कौतुक वाटतं ते इथे. त्यांनी घाई केली नाही, तिला घरीही पाठवलं नाही.

मग सिल्व्हिया सेव्हंटी नावाची कलाकार धाग्यांचं काम शिकवायला आली. शिकवणं राहिलं बाजूला, ज्युडिथने काड्या एकत्र घेतल्या आणि त्यांच्याभोवती लोकर गुंडाळायला सुरुवात केली. ती थांबेचना! त्यानंतर आठवड्याचे पाच दिवस, वर्षानुवर्षं, ती एकाच जागी बसून गुंडाळत राहिली.

हाताला लागेल ते ती घ्यायची. काठ्या, सायकलचं चाक, पंखा, मोडकी खुर्ची, एकदा तर दुकानात सामान ठेवतात ती ढकलगाडीच. मधल्यामध्ये एखादी कुणाची तरी वस्तू गायब व्हायची, ती गेली गाठोड्याच्या पोटात! वर दोऱ्याचे थरावर थर, गाठीवर गाठी, मध्येच कापडाची पट्टी. एकेका कामाला आठवडे लागायचे, कधी महिनेही. एकदा लोकर नव्हती तर हात पुसायचे पांढरे कागद घेऊन त्यांच्याच गाठी मारत बसली. तेही काम आज नावाजलेलं आहे. काम पूर्ण झालं की ते स्वतःच पुढे सरकवून द्यायची. तिला कुणी सांगावं लागायचं नाही.

तिच्या सुरुवातीच्या कामांत दोन आकार एकमेकांना घट्ट बांधलेले दिसतात. बघणाऱ्यांना त्यात जुळ्या बहिणी दिसल्या. असतीलही. पण तिने कधी काही सांगितलं नाही, तेव्हा आपण तरी ठामपणे कसं सांगावं?

काहीजण म्हणायचे की तिला स्वतःला ही कला आहे हे माहीत तरी होतं का? मला हा प्रश्नच पटत नाही. वाकळीला कुठला तुकडा कुठे लावायचा हे ठरवताना आपली आजी अर्धा अर्धा तास डोकं चालवायची, तिने तरी कुठे त्याला कला म्हटलं होतं! ज्युडिथ तर रंगीत स्कार्फ, टोप्या, माळा घालून मोठ्या रुबाबात कामाला बसायची. फोटोत तो थाट दिसतो.

१९९९ मध्ये तिच्यावर पुस्तक निघालं आणि जगाचं लक्ष गेलं. तोपर्यंत ती छप्पन्न वर्षांची झाली होती. १५ मार्च २००५ ला बहिणीच्या घरीच तिने डोळे मिटले. मागे दोनशेच्या आसपास कलाकृती राहिल्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने २०१४ मध्ये तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. २०१६ मध्ये जॉइसने दोघींच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं, आणि २०१७ मध्ये ही गाठोडी इटलीत व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलामेळ्यातही जाऊन पोहोचली.

आत काय दडलंय हे बघायला काही कलाकृतींचे एक्स-रे काढले. त्यातल्या वस्तू दिसल्या, पण सोडून बघायची हिंमत कुणी केलेली नाही. ज्युडिथने एकाही कामाला नाव दिलं नाही. संग्रहालयातल्या पाटीवर तिच्या नावाखाली लिहितात, शीर्षक नाही. आणि पुढे वर्ष.