फ्रँकलिन रूझवेल्ट : मंदी, महायुद्ध आणि शासनाची नवी जबाबदारी

वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, बँकेतील ठेवींचा विमा आणि किमान वेतन या गोष्टी आज आपण शासनाच्या कर्तव्यांत सहज मोजतो. १९२९ पर्यंतच्या अमेरिकेत संघशासनाकडून अशी अपेक्षा क्वचितच केली जात असे. ही धारणा ज्यांच्या कारकिर्दीत बदलली, त्या फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांच्या जीवनाचा परिचय आपण येथे करून घेऊ.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका संपन्न घराण्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठातील शिक्षण, राज्याच्या सिनेटचे सदस्यत्व, नौदल खात्याचे सहायक मंत्रिपद असा त्यांचा प्रवास सुकर होता. १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, आजाराने त्यांचे पाय कायमचे लुळे पडले. पोलिओ असे त्याचे निदान झाले. तरीही १९२८ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. ४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा श्रमिकांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक बेकार होते. ठेवीदार घाबरून पैसे काढत आणि त्यामुळे सुस्थितीतील बँकाही बुडत. रूझवेल्ट यांनी देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवल्या. तपासणीत सुस्थितीत आढळलेल्या बँकाच उघडल्या जातील, हे त्यांनी रेडिओवरून सोप्या भाषेत समजावले. लोकांनी काढलेला पैसा पुन्हा जमा होऊ लागला.

‘न्यू डील’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोरणातून पुढे ठेवींना विमा मिळाला, टेनेसी खोऱ्यात धरणे व वीजकेंद्रे उभी राहिली आणि बेकार तरुणांना वनसंवर्धनाचे काम मिळाले. १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा झाला. त्यामागे मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांचे मोठे परिश्रम होते. मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला होत. मात्र शेतमजूर व घरकामगार या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले, त्यामुळे कृष्णवर्णीय श्रमिकांचा मोठा भाग संरक्षणास मुकला. १९३७ मध्ये सरकारी खर्च कमी होताच मंदीने पुन्हा डोके वर काढले.

बेकारी खऱ्या अर्थाने संपली ती दुसऱ्या महायुद्धात. कारखान्यांत लाखो स्त्रिया दाखल झाल्या. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी मोर्चाचा इशारा दिल्यावर, १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील वांशिक भेदभावास मनाई केली. १९४३ पासून प्राप्तिकर पगारातूनच कापला जाऊ लागला. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षण व घर यांसाठी साहाय्य दिले.

परंतु याच शासनाने फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढून छावण्यांत डांबले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. त्यांच्यापैकी कोणावरही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

चार वेळा अध्यक्षपदी निवडून आलेल्या रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे निधन झाले. १९५१ च्या घटनादुरुस्तीने कोणत्याही व्यक्तीला दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येण्यास मनाई केली.

या चरित्रावरून तुमच्या लक्षात येईल, की संकटकाळी शासनाच्या हाती आलेले बळ वृद्धांना आधार देऊ शकते, तसेच निरपराधांना कुंपणाआडही ढकलू शकते. या बळावर मर्यादा कोणी व कशा घालाव्यात, याचा विचार करून आपले उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा.